माशातल्या पोलोनियम-२१० ची रिकव्हरी घसरतेय? कुठे गळतंय ते असं शोधा

बांगडा, तारली, कोळंबी, तिसऱ्या, कालवं अशा सॅम्पलमधलं पोलोनियम-२१० (निसर्गातच असणारा किरणोत्सारी पदार्थ) सिल्व्हर डिस्कवर प्लेट करून, म्हणजे ॲसिडच्या द्रावणातून चांदीच्या चकतीवर बसवून, अल्फा स्पेक्ट्रोमीटरवर (अल्फा कणांची ऊर्जा मोजणारं यंत्र) मोजणाऱ्यांसाठी हे लिहितोय. आमच्या लॅबमध्ये आणि ओळखीच्या दोन-तीन लॅबमध्ये हाच बिघाड फिरून फिरून येतो आणि दर वेळी नवीन आलेला माणूस पहिल्यांदा केमिकल बदलतो, मग डिटेक्टरला दोष देतो, आणि खरं कारण भलतीकडेच निघतं. म्हणून ज्या क्रमाने मी तपासतो त्याच क्रमाने देतोय, फुकटात होणारं आधी, खर्चिक आणि वेळखाऊ शेवटी.

लक्षणं

- एरवी ७०-९० टक्के येणारी पोलोनियम-२०९ ट्रेसरची (सॅम्पलमध्ये मोजून मुद्दाम घातलेलं पोलोनियम) रिकव्हरी, म्हणजे त्यातलं शेवटी डिस्कवर किती मिळालं तो आकडा, ३०-४० वर येते, पण बॅचमधल्या काहीच बीकरना.
- अख्ख्या बॅचची रिकव्हरी एकसारखी खाली, अगदी ब्लँकचीसुद्धा (सॅम्पल न घातलेला बीकर).
- स्पेक्ट्रमवरचं पीक (एका ऊर्जेला मिळालेल्या काउंट्सचा उंचवटा) रुंद होतं, डावीकडे लांब शेपूट.
- डिस्क काळपट, पांढुरकी खरखरीत किंवा तेलकट दिसते.
- रिकव्हरी १०० च्या वर जाते.
- रिकव्हरी झकास, पण रेफरन्स मटेरियलचा (ज्यातलं पोलोनियम किती ते आधीच प्रमाणित आहे असं सॅम्पल) आकडा कमीच येतो. ही सगळ्यात वाईट केस, कारण कागदावर सगळं ठीक दिसतं.

आता पुढे जायच्या आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, कारण ती कळली नाही तर लोक उगाच घाबरतात किंवा उगाच निवांत राहतात. ट्रेसर अगदी सुरुवातीला घातला असेल आणि तो सॅम्पलमधल्या पोलोनियमबरोबर नीट मिसळला असेल तर रिकव्हरी ३० टक्के आली म्हणून आकडा चुकत नाही, कारण जेवढं २०९ गळालं तेवढ्याच प्रमाणात २१० गळालेलं असतं आणि आपण शेवटी दोन पीकचं गुणोत्तरच घेतो. नुकसान होतं ते अनिश्चिततेचं. समजा ५० मिलिबेकरेल ट्रेसर घातला (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक विघटन), डिटेक्टरची एफिशियन्सी, म्हणजे सुटलेल्या अल्फांपैकी मोजले जाणारे, २० टक्के आहे, तर ८० टक्के रिकव्हरीला दिवसभरात साधारण ६९० काउंट्स मिळतात म्हणजे ट्रेसर पीकची अनिश्चितता ३.८ टक्के, तीच रिकव्हरी २० वर आली की काउंट्स १७० च्या घरात आणि अनिश्चितता साडेसात टक्क्यांच्या पुढे. म्हणजे रिकव्हरी कमी असणं ही डोकेदुखी आहे, चूक नव्हे. चूक तेव्हा होते जेव्हा ट्रेसर आणि सॅम्पल वेगवेगळ्या वाटेने जातात, किंवा ट्रेसरची ताकद आपल्याला वाटते तेवढी नसते. म्हणून प्रत्येक तपासणीच्या वेळी विचारायचं की यातून फक्त काउंट्स कमी होतायत की गुणोत्तरच बिघडतंय.

आणि हे इतकं मनावर का घ्यायचं तर समुद्रातलं खाणाऱ्या माणसाला जो नैसर्गिक डोस मिळतो त्यात पोलोनियम-२१० चा वाटा फार मोठा असतो. प्रौढ माणसाने एक बेकरेल पोटात घेतलं तर डोस १.२ मायक्रोसिव्हर्ट धरतात, पोटॅशियम-४० पेक्षा जवळजवळ दोनशे पट. कोकण किनाऱ्यावर, गोव्यात लोक रोज मासे खातात, आणि आपण दिलेल्या आकड्यावरून कोणीतरी त्यांच्या डोसचा हिशेब करणार असतो.

आधी कागद आणि स्क्रीन, बीकरला हात नको

ट्रेसरचं सर्टिफिकेट काढा आणि रेफरन्स तारीख बघा. पोलोनियम-२०९ ला अर्धायुष्य मोठं म्हणून लोक डिके करेक्शनच (काळाप्रमाणे घटलेली ताकद हिशेबात धरणं) करत नाहीत. जुन्या तक्त्यांत ते १०२ वर्षं दिलेलं आहे, २०१४ साली अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेने नव्याने मोजलं ते १२५ वर्षं आलं, त्यामुळे दहा वर्षं जुना ट्रेसर असेल तर कुठलं अर्धायुष्य वापरलं यावरून सव्वा टक्क्याचा फरक पडतो. स्प्रेडशीटमध्ये कुठला आकडा बसलाय ते बघून घ्या. आणि तुमच्याकडे ट्रेसर म्हणून पोलोनियम-२०८ असेल तर मग विषयच वेगळा, त्याचं अर्धायुष्य २.९ वर्षं, म्हणजे एका वर्षात २१ टक्के कमी होतं. "वर्षभरात रिकव्हरी हळूहळू पडत गेली" अशी तक्रार आली की मी पहिलं हेच विचारतो, २०८ आहे का आणि तारीख कोणती घेतली.

दुसरं, एफिशियन्सी. कॅलिब्रेशन सोर्सवरचा ॲक्टिव्ह भाग किती व्यासाचा आहे आणि तुमच्या सिल्व्हर डिस्कचा उघडा भाग किती व्यासाचा आहे हे पट्टीने मोजा. प्लुटोनियम-२३९, अमेरिशियम-२४१, क्युरियम-२४४ चा मिक्स सोर्स बऱ्याचदा डिस्कवरच्या डिपॉझिटपेक्षा लहान असतो. डिपॉझिट कडेपर्यंत पसरलेलं असेल तर डिटेक्टरला त्यातलं कमी दिसतं, खरी एफिशियन्सी कमी, पण आपण सोर्सवरून काढलेली मोठी एफिशियन्सी वापरतो आणि रिकव्हरी उगाच कमी निघते. यात केमिस्ट्रीचा काहीच दोष नसतो, आणि चांगली गोष्ट ही की पोलोनियम-२१० चा आकडा यात बिघडत नाही कारण गुणोत्तरात एफिशियन्सी कटते. शेल्फ बदललं असेल, डिस्क एक खाच वर-खाली ठेवली असेल तर तेच.

मग स्पेक्ट्रम. २०९ चं पीक ४.८८ एमईव्हीला (ऊर्जेचं एकक, एक एमईव्ही म्हणजे हजार केईव्ही) आणि २१० चं ५.३० ला हवं. मध्ये सव्वाचारशे केईव्हीचं अंतर आहे, भरपूर आहे, तरीसुद्धा २१० ची शेपूट लांबली की ती २०९ च्या खिडकीत (त्याचे काउंट्स मोजायच्या पट्ट्यात) शिरते. मग होतं काय, ट्रेसरचे काउंट्स फुगतात, रिकव्हरी चांगली दिसते, कधी १०० च्या वर जाते, आणि सॅम्पलचा आकडा खाली येतो. ज्या सॅम्पलमध्ये २१० खूप आहे, तिसऱ्या-कालवं वगैरे, तिथे हे हमखास. २०८ वापरणाऱ्यांना जास्त त्रास कारण त्याचं पीक ५.११ ला, २१० च्या अगदी शेजारी. रिकव्हरी १०० च्या वर दिसली की आनंद मानू नका, आधी शेपूट बघा, मग ट्रेसरचं वजन.

सगळ्या चेंबरमध्ये पीक एकदम डावीकडे सरकलंय आणि पसरलंय असं असेल तर व्हॅक्यूम गेज बघा. हवा राहिली की अल्फा वाटेतच ऊर्जा घालवतो. पंपाचं तेल, ओ-रिंगवरचा केस किंवा धूळ, एवढ्यावर काम भागतं. एकाच डिस्कचं पीक खराब आणि बाकी ठीक असेल तर दोष डिस्कवर आहे.

डिस्क हातात घ्या

हे दोन मिनिटांचं काम आहे आणि यातून जितकं कळतं तितकं कुठल्याच यंत्रातून कळत नाही. चिमट्याने डिस्क उचला, खिडकीपाशी जा, तिरपी धरून बघा. चांगली प्लेट झालेली डिस्क चांदीसारखीच दिसते, फार तर किंचित पिवळसर. काळपट थर असेल तर लोखंड किंवा सेंद्रिय गाळ. पृष्ठभाग पांढुरका आणि बोटाच्या नखाला खरखरीत लागेल असा झाला असेल तर द्रावणात नायट्रिक ॲसिड उरलंय आणि त्याने चांदी खाल्लीय. पाण्याचा थेंब टाकला आणि तो पसरायच्या ऐवजी मोत्यासारखा गोल उभा राहिला तर वर चरबी आहे. हे सगळं अर्थात काउंटिंग झाल्यावर करा, आधी नाही. डिस्कचं प्लेटिंगच्या आधी आणि नंतर वजन करायची सवय लावली तर आणखी सोपं, वजन घटलं तर चांदी विरघळली, वाढलं तर वर काहीतरी बसलंय, आणि जे बसलंय तेच पीकला शेपूट आणतंय.

मग डिस्क उलटी करून मोजा. मागची बाजू आपण नेलपॉलिशने, चिकटपट्टीने किंवा टेफ्लॉन होल्डरने बंद करतो, पण ८५ अंशांच्या ॲसिडमध्ये चार तास राहिल्यावर नेलपॉलिशचा पापुद्रा सुटतो आणि पोलोनियमला काय, त्याला चांदी दिसली की ते बसतं, पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली हे त्याला ठाऊक नाही. मागच्या बाजूला २०९ दिसलं की निम्मा प्रश्न तिथेच सुटला. ज्या बॅचमध्ये काहीच बीकर खाली आलेत तिथे हे कारण मला फार वेळा सापडलंय.

दुसरी डिस्क: माझी सगळ्यात आवडती तपासणी

प्लेटिंग झाल्यावर उरलेलं द्रावण लगेच ओतून टाकू नका. निदान काउंटिंग होईपर्यंत झाकून ठेवा. रिकव्हरी कमी आली की त्याच द्रावणात नवी घासलेली डिस्क सोडा, पुन्हा तेवढाच वेळ, तेवढंच तापमान, आणि मोजा.

दुसऱ्या डिस्कवर २०९ भरपूर आलं तर पोलोनियम द्रावणात होतं, पण पहिल्या वेळी पूर्ण बसलं नाही. म्हणजे दोष प्लेटिंगमध्ये: तापमान, वेळ, ढवळणं, ॲसिड, लोखंड. दुसऱ्या डिस्कवर काहीच नाही आलं तर पोलोनियम तिथे नव्हतंच. ते आधीच उडालं, बीकरच्या भिंतीला चिकटलं, किंवा न जळलेल्या सेंद्रिय पदार्थात अडकून बसलंय, किंवा मुळात ट्रेसरच कमी पडलाय. एका डिस्कच्या खर्चात अर्धी यादी कटते. जी लॅब हे करत नाही ती महिनोन्महिने चुकीच्या टोकाला काम करत राहते, हे मी बघितलंय आणि वाईट वाटतं, कारण सॅम्पल परत मिळत नाही, त्या हंगामातला मासा गेला तो गेला.

दोष प्लेटिंगमध्ये निघाला तर

तापमान बीकरच्या आत मोजा. हॉटप्लेटच्या डिस्प्लेवर ९० दिसतंय म्हणजे द्रावण ९० ला आहे असं नाही, आत बऱ्याचदा ६५-७० च असतं, विशेषतः एसीच्या वाऱ्याखाली आणि वॉच ग्लास न ठेवता. आत ८० ते ९० हवं, तीन ते सहा तास. साधा काचेचा थर्मामीटर पुरतो.

ढवळणं चालू आहे का ते बघा. डिस्क होल्डरमध्ये आडवी असेल आणि खाली हवेचा बुडबुडा अडकला असेल तर तेवढ्या भागावर काहीच बसत नाही, काढल्यावर गोल डाग दिसतो.

ॲसिड साधारण अर्धा मोलर एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड). थोडं इकडेतिकडे चालतं, पण इथे एक गोम आहे. आपण शेवटी २-३ मिली राहीपर्यंत आटवतो आणि मग पाणी घालून ८०-१०० मिली करतो, आणि त्या २-३ मिलीत किती ॲसिड होतं हे कुणालाच माहीत नसतं, कोणी जास्त आटवतो कोणी कमी. त्यापेक्षा जवळजवळ कोरडं करा आणि मोजून तयार केलेलं अर्धा मोलर घाला. शंका असेल तर एक मिली काढून कॉस्टिकने टायट्रेट करा, पाच मिनिटांत उत्तर.

लोखंड. द्रावण पिवळं असेल तर त्यात फेरिक (लोखंडाचं ऑक्सिडाइझ झालेलं रूप) आहे आणि ते पोलोनियमच्या आधी चांदीशी भिडतं. ॲस्कॉर्बिक ॲसिड घाला, चिमूट चिमूट, पिवळा रंग जाईपर्यंत, साधारण पाव ते अर्धा ग्रॅममध्ये जातो. नुसत्या माशाच्या मांसात लोखंड फार नसतं, पण तिसऱ्या आणि कालवं पोटातल्या रेती-चिखलासकट येतात आणि तिथे ठरलेला पाव ग्रॅम पुरत नाही. रंग बघून घालायचं, एसओपीत (ठरलेल्या लेखी पद्धतीत) लिहिलंय म्हणून तेवढंच घालायचं असं नको. उघड्यावर ठेवलेलं, कडेला पिवळं पडलेलं ॲस्कॉर्बिक वापरू नका. एक-दोन तासांनी रंग परत पिवळा झाला तर अजून थोडं घाला, हवेने फेरस परत फेरिक होतं.

नायट्रिक. डायजेशननंतर (सॅम्पल ॲसिडमध्ये विरघळवल्यावर) एचसीएल घालून दोन-तीनदा आटवतो ते यासाठीच. उरलेलं नायट्रिक डिस्क खरवडतं आणि बसलेलं पोलोनियम परत द्रावणात जातं. पण हे काढायच्या नादात लोक हॉटप्लेटवर खडखडीत कोरडं करतात, आणि क्लोराइडच्या रूपात पोलोनियम जास्तच उडाऊ असतं, म्हणजे डिस्क वाचली पण पोलोनियम धुरांड्यात. मी हे शेवटचं आटवणं वॉटर बाथवर करतो, तिथे शंभरच्या वर जायची सोयच नाही, वेळ जास्त लागतो पण झोप शांत लागते. तळाला ओलसर गाळ राहिला की थांबायचं.

दुसरी डिस्क रिकामी निघाली तर: तीन बीकर

आता एक पूर्ण दिवस काढावा लागतो. तीन बीकर घ्या. पहिल्यात नुसतं स्वच्छ अर्धा मोलर एचसीएल आणि ट्रेसर. दुसऱ्यात सॅम्पलशिवाय सगळी रसायनं, सगळं डायजेशन, ट्रेसर सुरुवातीलाच. तिसऱ्यात सॅम्पल आणि ट्रेसर, नेहमीसारखं. तिन्ही एकदमच प्लेट करा.

पहिला बीकरसुद्धा कमी आला तर डायजेशन निर्दोष. उरतं काय, तर ट्रेसर किंवा डिटेक्टर. ट्रेसरची पातळ केलेली वर्किंग बाटली बघा. पोलोनियमला कमी ॲसिडमध्ये भिंतीला चिकटायची खोड आहे, त्यामुळे कोणी वर्किंग सोल्युशन साध्या पाण्यात किंवा अगदी फिक्या ॲसिडमध्ये केलं असेल तर द्रावणाची ताकद बाटलीतल्या बाटलीत कमी होत जाते. निदान एक-दोन मोलर ॲसिड हवं. उलट बाजूने, झाकण सैल असेल तर पाणी उडून ट्रेसर घट्ट होतो आणि रिकव्हरी वर सरकते. म्हणून प्रत्येक वेळी बाटलीचं वजन वापरण्याआधी आणि नंतर लिहा, आणि ट्रेसर पिपेटच्या खुणेवर विसंबून नाही तर तराजूवर घ्या. हे गुणोत्तर बिघडवणारं कारण आहे, ट्रेसर खरोखर २० टक्के कमजोर झाला आणि तुम्हाला माहीत नाही, तर तुमचा प्रत्येक मासा पंचवीस टक्के जास्त किरणोत्सारी निघणार. शंका आली की मूळ अँप्यूलमधल्या द्रावणातून नवं डायल्यूशन करा आणि दोन्ही शेजारी-शेजारी प्लेट करून बघा.

पहिला ठीक, दुसरा कमी आला तर आटवताना तापमान चढतंय किंवा काच पोलोनियम धरून ठेवतेय. बीकर कोमट एचसीएलने नीट खळबळून घ्या, ती धुवणी पण द्रावणात घाला. शक्य असेल तर टेफ्लॉन.

पहिले दोन ठीक आणि तिसराच कमी, तर मग सॅम्पल नीट जळलेलं नाही. तारली-बांगड्यासारख्या तेलकट माशात हे होतंच होतं. बीकर गार झाल्यावर द्रावणाच्या रेषेवर बघा, काचेवर एक फिकट पिवळं चिकट कडं असतं, बोटाने पुसलं तर मेणासारखं लागतं (ग्लोव्ह घालूनच, ॲसिड आहे ते). ते कडं म्हणजे न मोडलेली चरबी, आणि तीच डिस्कवर पापुद्रा धरते. उपाय घाईचा नाही: वाळवलेल्या सॅम्पलवर नायट्रिक घालून रात्रभर थंडच राहू द्या, सकाळी ८०-९० अंशांवर, फेस बसला की ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड थेंब थेंब, द्रावण फिकट पिवळं आणि आरपार दिसेपर्यंत हे परत परत. एकदम पेरॉक्साइड ओतलं तर फेस बीकरबाहेर आणि सॅम्पल हॉटप्लेटवर. सॅम्पल कमी घेणं हाही चांगला उपाय आहे, ५ ग्रॅम कोरड्याने त्रास होत असेल तर २ ग्रॅम घ्या आणि जास्त वेळ मोजा. बंद भांड्याचं मायक्रोवेव्ह डायजेशन असेल तर उत्तम, आत तापमान चढलं तरी बाहेर काही जात नाही, फक्त पूर्ण गार झाल्याशिवाय उघडायचं नाही.

रिकव्हरी छान, तरी आकडा कमी

इथे जरा थांबून वाचा. ही तक्रार आली की मी विचारतो, सॅम्पल मफल फर्नेसमध्ये (राख करायच्या भट्टीत) गेलं होतं का, आणि ट्रेसर कधी घातला. सिझियम, स्ट्रॉन्शियमची सवय असलेल्या लॅबमध्ये मासा ४५० अंशांना राख करणं हा रोजचा भाग असतो, तिथे ते बरोबरच आहे. पोलोनियम मात्र शंभर-दोनशेच्या पुढे उडायला लागतं आणि तीनशेच्या आसपास त्यातलं बहुतेक गेलेलं असतं. मग त्या राखेत ट्रेसर घातला तर ट्रेसर ९० टक्के परत येतो, सगळे खूश, आणि सॅम्पलमधलं पोलोनियम कधीच चिमणीतून गेलंय. असा आकडा रिपोर्टमध्ये गेला तर पुढे कुणाला कळणारही नाही. म्हणून पोलोनियमचं सॅम्पल फ्रीझ-ड्राय करा किंवा ओव्हनमध्ये ६०-८० अंशांवर वाळवा, आणि ट्रेसर ॲसिडचा पहिला थेंब पडायच्या आधी. राख आधीच झालेली असेल तर ते सॅम्पल पोलोनियमसाठी बाद. करेक्शन फॅक्टर लावून वाचवायचा प्रयत्न करू नका.

दुसरं कारण तारखा. २१० चं अर्धायुष्य १३८ दिवस, महिनाभरात १४ टक्के कमी. मासा पकडल्याची तारीख, प्लेटिंगची तारीख आणि काउंटिंगची तारीख या तीन वेगळ्या आहेत आणि तिन्ही लागतात. शिवाय सॅम्पलमधल्या लेड-२१० (किरणोत्सारी शिसं) मधून नवं पोलोनियम तयार होत राहतं, त्यामुळे वर्षभर फ्रीजरमध्ये पडलेल्या माशाचं नुसतं डिके करेक्शन करून चालत नाही, लेडही मोजावं लागतं, म्हणजे उरलेल्या द्रावणातून पोलोनियम पूर्ण काढून सहाएक महिन्यांनी पुन्हा प्लेटिंग. सॅम्पल आल्यापासून थोड्या आठवड्यांत प्लेट केलं तर ही सगळी डोकेफोड कमी होते.

आणि रिकव्हरी सगळ्या बीकरना सारखी पण एकाच माशाचे आकडे विखुरलेले, तर केमिस्ट्री सोडा आणि मिक्सर बघा. पोलोनियम आतडी, यकृत, शिंपल्याची पचनग्रंथी इथे साठतं, मांसात त्यामानाने फार कमी. आतड्याचा एक तुकडा एका बीकरमध्ये जास्त गेला की संपलं. काय मोजायचंय ते आधी ठरवा, लोक खातात तो भाग की अख्खा मासा, आणि ते बारीक पीठ होईपर्यंत दळा.

या सगळ्यावर शेवटचा शिक्का रेफरन्स मटेरियलचा. आयएईएच्या (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था) मोनॅकोच्या लॅबकडून मासा आणि शिंपल्याची मटेरियल येतात. महाग वाटतं, पण प्रत्येक बॅचला नाही, तरी पद्धतीत काहीही बदललं की एक करायचंच.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

डिटेक्टरचा लीकेज करंट हळूहळू चढतोय, किंवा बायस (डिटेक्टरला लागणारं व्होल्टेज) दिल्यावर नॉइज थांबत नाही: सर्व्हिस इंजिनिअर. स्वतः प्रीॲम्प्लिफायर उघडू नका. बायस चालू असताना चेंबर उघडायचा नाही, या डिटेक्टरना उजेड चालत नाही.

रिकाम्या चेंबरचं बॅकग्राउंड ५.३० ला वाढलंय: आधी बाकीच्या चेंबरशी तुलना करा. पोलोनियम व्हॅक्यूममध्ये डिस्कवरून सुटून डिटेक्टरवर बसू शकतं, म्हणून जास्त ॲक्टिव्हिटीच्या डिस्क चांगल्या चेंबरमध्ये घालूच नयेत. साफ करता येतो की नाही हे डिटेक्टरच्या जातीवर आहे, इम्प्लांटेड सिलिकॉनचे काही पुसता येतात, सोन्याचा थर असलेल्या सरफेस बॅरिअरला कापूस लावला की तो गेला. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं नसेल तर हात लावू नका, कंपनीला विचारा. तोवर त्या चेंबरला कमी पातळीची सॅम्पल देऊ नका.

ट्रेसरचं अँप्यूल फुटलं किंवा सांडलं: काम थांबवा, जागा सोडायच्या आधी बाकीच्यांना लांब करा, आणि आरएसओला (रेडिएशन सेफ्टी ऑफिसर) बोलवा. साध्या जाड खिडकीच्या जीएम (गायगर-म्युलर) काउंटरला अल्फा दिसत नाही, त्यामुळे "मीटर शांत आहे" यावर जाऊ नका. अल्फा प्रोब आणि स्वाइप लागतात. पुसापुसी स्वतः सुरू करू नका, ते पसरतं.

चरबी जळत नाही म्हणून परक्लोरिक ॲसिड वापरायचा विचार आला: त्यासाठी खास धुता येणारा हूड आणि प्रशिक्षित माणूस नसेल तर सरळ नाही म्हणा. तेलकट सॅम्पलवर गरम परक्लोरिक स्फोट करतं. रेती विरघळवायला हायड्रोफ्लुओरिक लागत असेल तर कॅल्शियम ग्लुकोनेट जेल शेजारी आणि दुसरा माणूस सोबत असल्याशिवाय बाटली उघडायची नाही. पोलोनियमसाठी बहुतेक वेळा रेती पूर्ण विरघळवायची गरजही नसते.

आणि वरचं सगळं करूनही रेफरन्स मटेरियल दोनदा लागोपाठ चुकत असेल तर सॅम्पल जाळत बसू नका. उरलेलं दळलेलं सॅम्पल दोन भागांत वाटा, एक भाग ज्यांची पद्धत सिद्ध झालेली आहे अशा लॅबला पाठवा, सोबत तुमच्या डिस्क, स्पेक्ट्रम, ट्रेसरची वजनं आणि तिन्ही तारखा द्या. तोपर्यंतचे आकडे रिपोर्टमध्ये जाऊ देऊ नका, वरून कितीही घाई असली तरी.